अडतीस सेकंद

मी अँटेना बसवायचो. चाळीस वर्षं.
कालामारियातल्या गच्च्या माझ्या पायांना पाठ आहेत,
कुठली फरशी हलते,
कुठल्या बाईच्या चादरी कुठल्या तारेवर.
वर मी, खाली खिडकीत कुणाचं तरी पोर.
"आलं का?"
"नाही."
"आता?"
"मुंग्याच आहेत."
"आता?"
आणि घरातून एकदम सगळ्यांचा ओरडा:
"हात काढू नका!"
असा एकदा अख्खा पूर्वार्ध
मी दांडा धरून उभा राहिलो, वाऱ्यात.
सामना मी पाहिला नाही. माझ्यामुळे दिसला.

आता गुडघे गेले. आता नानुली आहे,
जॉर्जियाची, च्यातुरा नावाच्या गावची.
माझ्या गोळ्या, माझं सूप, माझी चिडचिड
हे सगळं रात्री नवाला झाकून ठेवलं
की ती स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडते.
कुणीतरी दिलेला, जुना. एक कळ निघालेली,
म्हणून ती एक अक्षर टाळून पत्रं लिहिते.
त्यात तिच्या गावाकडचा टीव्ही. थेट.

मी विचारलं, अँटेना कुठाय?
म्हणाली, लागत नाही.
दांडा नाही, दिशा नाही,
मग चित्र येतं कुठून?
तिने हवेत बोटाने नुसतं एक गोल काढलं.
मी आयुष्यभर हवेवरच पोट भरलं,
पण हवा अशी बोटाने दाखवायची
माझी कधी हिंमत झाली नाही.

बघण्यासारखं तिथे काही नसतं, खरं सांगतो.
नगरपालिकेची बैठक. बंद पडलेली पाण्याची लाइन.
बर्फात उभा एक बातमीदार, नाक लाल.
नानुली बातमी ऐकतच नाही.
ती त्याच्या खांद्यामागे बघते,
औषधांच्या दुकानावरून कोण जातंय.
"ती म्झिया. वाळली किती!"
"हा कुत्रा अजून आहे?"
बातमीदार जरा डावीकडे सरकला
की ती त्याला तिच्या भाषेत शिवी देते.
ती शिवी मला आता येते.

एकतीस डिसेंबर. आमचे दहा, त्यांचे बारा.
एका कानाला फोन, फोनमध्ये मुलगा,
समोर पडदा, पडद्यावर चौक.
फोनमध्ये फटाके फुटले. मुलगा ओरडला, आई, झालं!
पडद्यावर अजून जुनंच वर्ष,
माणसं खिशात हात घालून उभी,
कोपऱ्यात आकडा: अडतीस, सदतीस.
एवढं मागे का?
तिने त्याला उत्तर दिलं नाही. फोनमध्ये एवढंच म्हणाली
(मी नंतर अर्थ विचारून घेतला):
"थांब जरा, मी पोचतेच आहे."

अकरावर चित्र थिजलं.
एका बाईचं तोंड उघडं ते उघडंच,
आणि मधोमध ते फिरणारं चाक.

मी उठलो. वॉकर न घेता उठलो, हे तिने पाहिलं नाही.
लॅपटॉप उचलला,
खिडकीपाशी नेला, पूर्वेकडे वळवला,
जरा वर, अजून जरा.
"कीर स्तेर्यो, तसं नसतं ते."
"आलं का?"
"नाही हो. तसं नस—"
"आता?"

काचेवर उजेड हलला.
दहा, नऊ. माणसं खिशातून हात काढू लागली.
माझ्यामुळे नाही. तिला माहीत होतं, मलाही.
माझ्याकडे झाकणाची बाजू,
त्यावर कुणाच्या तरी शाळेचा अर्धा स्टिकर.
खांदे भरून आले. मी लॅपटॉप खाली ठेवायला लागलो,
तेव्हा ती पुटपुटली, माझ्याकडे न बघता,
"हात काढू नका."

सूप उतू गेलं, शेगडीवर जळका वास.
आमचं वर्ष अजून जुनंच होतं,
दोन तास उरलेलं.